‘हिमनग’: एका शब्दाची फोड

एखादा घोटाळा उघडकीस आला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एक वाक्य हमखास असते: ‘हे तर हिमनगाचे टोक आहे.’ सभेतला वक्ता ते म्हणतो, संपादक अग्रलेखात ते लिहितो आणि चहाच्या टपरीवर पेपर वाचणारा माणूसही मान डोलावून तेच म्हणतो. म्हणणाऱ्यांपैकी हिमनग प्रत्यक्ष पाहिलेला माणूस मात्र शोधूनही सापडायचा नाही. आम्हीही तो पाहिलेला नाही. आम्ही पाहिलेला बर्फ म्हणजे मासळी बाजारातली लादी, शाळेच्या फाटकाबाहेरचा रंगीत गोळा आणि लग्नाच्या मांडवामागे सरबताच्या पिंपात टाकलेले तुकडे. वस्तू आपल्याकडे कधी आलीच नाही. शब्द मात्र आला आणि घरातलाच होऊन बसला. असा पाहुणा घरात राहायला आला तर आपण त्याला गाव विचारतो, नाव विचारतो. या शब्दालाही ते विचारावे असे आमच्या मनात फार दिवसांपासून होते, आणि त्याला कारणही तसेच आहे.

आमचे वडील मासळी बाजारात बर्फाच्या लाद्या वाहत. कारखान्यातून लादी आली की तिच्यावर लाकडाचा भुसा टाकायचा, गोणपाट गुंडाळायचे आणि पाठीवर घेऊन झपाझप चालायचे. चालणे मंदावले की लादी पाठीवरच गळू लागे. वडिलांना अक्षरओळख नव्हती, पण आमचे पाठांतर ते रोज रात्री ऐकत. ‘समुद्रात तरंगणाऱ्या बर्फाच्या प्रचंड खंडास हिमनग म्हणतात,’ ही ओळ आम्ही घोकत होतो. वडिलांनी मध्येच विचारले, “हिम म्हंजे बर्फ, ते कळलं. पण नग कशाला रे? नग तर आपण दागिन्याला म्हणतो, नायतर दुकानातल्या जिनसाला.”

प्रश्न बिनतोड होता. दुसऱ्या दिवशी आम्ही तो वर्गात गुरुजींना विचारला. गुरुजी म्हणाले, “संस्कृत शब्दाची फोड तुम्हाला काय करायची आहे? पाठ करा, परीक्षेत दोन मार्क मिळतील.” वर्गात चाळीसेक मुले होती, आणि ‘तुम्हाला’ म्हणजे नेमके कोणाला, हे सगळ्यांना कळले.

परीक्षेत दोन मार्क मिळाले. प्रश्न तसाच राहिला.

आता घरात शब्दकोश आहेत. आमची पुतणी आठवीत शिकते. मागे एकदा तिने भूगोलाचे पुस्तक पुढे धरून तोच प्रश्न विचारला, “काका, दुकानदार ‘चार नग’ म्हणतो, तोच हा नग का?” तिला ‘पाठ कर’ म्हणणे आमच्या जिवावर आले. मग आम्ही दोघे शब्दकोश घेऊन बसलो. हळूहळू वहिनी आणि आईही येऊन बसल्या. त्या बैठकीत जे हाती लागले आणि पुढे वाचनात जे भर पडत गेले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम ‘हिम’ घेऊ. हा शब्द आपल्याला पुस्तकी वाटतो. रोजच्या बोलण्यात आपण ‘बर्फ’ म्हणतो, आणि बर्फ हा फारसीतून आलेला शब्द. मिठाईच्या दुकानातली बर्फीही त्याच घरची लेक. मग हिम कुठे राहिला? आई म्हणाली, “म्हंजे हीव का? आम्ही ‘हीव भरलं’ म्हणतो ते?” आईने शब्दकोशाच्या आधी उत्तर दिले होते. संस्कृत आणि पालीतल्या ‘हिम’ या शब्दाचेच मराठीत हीव झाले. त्या हिवापासून हिवाळा, आणि थंडी वाजून येतो म्हणून हिवताप. युरोपातल्या लॅटिन भाषेत हिवाळ्याला ‘हिएम्स’ म्हणत. तोही याच कुळातला शब्द. म्हणजे ज्या शब्दाला आम्ही परका समजत होतो तो शेकोटीपाशी बसलेल्या प्रत्येक म्हातारीच्या तोंडी होता. तो आपला नाही असे आम्हाला कोणी कधी सरळ सांगितले नव्हते. पण आपलाच आहे हेही कोणी सांगितले नव्हते.

आता ‘नग’. हा दुकानदाराचा नग नव्हे. ‘नगाला नग’ म्हणतो तोही नव्हे. याची फोड अशी: ‘न’ म्हणजे नाही, आणि ‘ग’ म्हणजे जाणारा. जो जात नाही, जागचा हलत नाही, तो नग. म्हणून नग म्हणजे डोंगर. संस्कृतात झाडालाही नग म्हणत, कारण झाडही जागेवरून हलत नाही. पालीतही नग म्हणजे पर्वत. हिमालयाला ‘नगाधिराज’ म्हणतात ते याच अर्थाने. डोंगराचे ‘अचल’ हे दुसरे नावही असेच घडले आहे.

शेवटी ‘ग’ असलेले असे कितीतरी शब्द आपण शाळेत समानार्थी म्हणून घोकतो. ‘ख’ म्हणजे आकाश. आकाशातून जाणारा तो खग, म्हणजे पक्षी. ‘उर’ म्हणजे छाती. छातीवर सरपटत जाणारा तो उरग, म्हणजे साप. ‘तुर’ म्हणजे वेगाने. वेगाने जाणारा तो तुरग, म्हणजे घोडा. पुतणी वहीत एकाखाली एक लिहीत होती. एका अक्षराची किल्ली हाती आली आणि चार कुलपे उघडली. वर्षभर पाठ करूनही जे डोक्यात राहत नव्हते ते पाच मिनिटांत राहिले.

पण लगेच तिने वही खाली ठेवली आणि म्हणाली, “काका, काहीतरी चुकतंय. नग म्हणजे न जाणारा. आणि पुस्तकात लिहिलंय, हिमनग समुद्रात तरंगत जातो. मग न जाणारा जातो कसा?”

वाचकहो, हाच या शब्दातला खरा पेच आहे. तो सोडवायचा तर या शब्दाचे मूळ गाव गाठले पाहिजे, आणि ते गाव महाराष्ट्रात नाही. ते थेट उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात आहे.

इंग्रजीत हिमनगाला ‘आइसबर्ग’ म्हणतात. यातला ‘आइस’ इंग्रजी आहे, पण ‘बर्ग’ नाही. शब्दकोशकार सांगतात की डच भाषेतल्या ‘ऐसबेर्ख’ या शब्दाचे अर्धे भाषांतर करून इंग्रजांनी तो घेतला. डच भाषेत ‘ऐस’ म्हणजे बर्फ आणि ‘बेर्ख’ म्हणजे डोंगर. बर्फाचा डोंगर. डच लोक पक्के दर्यावर्दी. १५९६ साली विलेम बारेंट्स हा डच खलाशी उत्तरेकडून आशियाला जाण्याची वाट शोधत निघाला, आणि नॉर्वेच्या उत्तरेला त्याला टोकदार डोंगरांचा एक मुलूख दिसला. त्याचे नाव पडले ‘स्पिट्सबर्गन’, म्हणजे टोकदार डोंगर. या नावातही तोच डोंगर आहे. पुढे सतराव्या शतकात व्हेल माशांच्या शिकारीसाठी डच जहाजांचे तांडेच्या तांडे त्या समुद्रात जाऊ लागले. त्या खलाशांचा स्वतःचा देश कसा, तर समुद्रसपाटीला लागलेला, सपाट, डोंगर म्हणून नाही. अशा माणसांना डेकवरून बर्फाचा पांढरा कडा दिसला, तेव्हा त्यांनी त्याला डोंगर म्हटले यात नवल काय?

आणखी एक गंमत पाहा. अठराव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा तो तरंगणाऱ्या बर्फाला नव्हे, तर किनाऱ्यावरून समुद्रात उतरणाऱ्या हिमनदीच्या उंच कड्याला वापरीत. तो कडा जागेवरच उभा दिसे. तरंगत जाणाऱ्या बर्फाला वेगळे नाव होते. कॅप्टन जेम्स कुक १७७३ साली दक्षिण ध्रुववृत्त ओलांडून गेला. त्याच्या प्रवासवर्णनात तरंगणाऱ्या बर्फाला ‘बर्फाची बेटे’ म्हटले आहे. त्याच्या खलाशांनी त्या बेटांचे तुकडे होड्यांत भरून जहाजावर आणले, वितळवले आणि ते पाणी प्यायले. समुद्र खारट, पण त्यात तरंगणाऱ्या बर्फाचे पाणी गोड. कारण तो बर्फ समुद्राच्या पाण्याचा झालेलाच नसतो. जमिनीवर शेकडो, हजारो वर्षे पडत राहिलेल्या हिमाचा तो थर असतो.

म्हणजे ‘डोंगर’ हे नाव आधी उभ्या कड्याला होते. नंतर त्या कड्यातून सुटून निघालेल्या तुकड्याला ते चिकटले. नाव तेच राहिले, वस्तू चालू लागली. पुढे आपल्या भाषांत भूगोलाची पुस्तके तयार झाली तेव्हा ‘बर्फाचा डोंगर’ हाच अर्थ घेऊन शब्द घडले. हिंदीने ‘शैल’ घेऊन हिमशैल केला. मराठीने ‘नग’ घेऊन हिमनग केला. शब्द सुटसुटीत आहे, कानाला गोड आहे. नगाच्या पोटातला ‘न जाणारा’ हा अर्थ मात्र तरंगणाऱ्या बर्फाशी जुळत नाही. आमच्या पुतणीची शंका अशी रास्त होती.

याच घरातला दुसरा शब्द ‘हिमनदी’. इंग्रजी तिला ‘ग्लेशियर’ म्हणते. तो शब्द आल्प्स पर्वताकडच्या फ्रेंच बोलीतून आला, आणि त्याच्या मुळाशी ‘ग्लास’ म्हणजे फक्त बर्फ आहे. त्यात नदी कुठेच नाही. मराठीने मात्र तिला नदी म्हटले, आणि ते फार चांगले केले. कारण हिमनदी खरोखर वाहते. वरच्या हिमाच्या भाराने खालचा बर्फ दाबला जातो आणि उताराकडे हळूहळू सरकतो. बहुतेक हिमनद्या दिवसाला बोटभर, वीतभर किंवा हातभर सरकतात. ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरची सेर्मेक कुयाल्लेक ही हिमनदी मात्र २०१२ च्या उन्हाळ्यात दिवसाला चाळीस मीटरांहून अधिक सरकताना मोजली गेली.

अशी हिमनदी समुद्राला येऊन भिडली की तिच्या टोकाचे कडे कडाडून सुटतात आणि पाण्यात पडतात. त्या सुटण्याला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचा अर्थ आहे गाय विणे, वासरू होणे. हे ऐकून आई खूश झाली. “मग असं सांग ना, की नदी व्याली आणि डोंगर झाला,” ती म्हणाली. याहून सोपी व्याख्या आम्हाला कोणत्याही पुस्तकात सापडली नाही.

आतापर्यंत आपण जहाजावरून पाहणाऱ्यांचे शब्द पाहिले. पण या बर्फासमोर पिढ्यान् पिढ्या राहणारी माणसेही आहेत. वर सांगितलेल्या हिमनदीच्या मुखाजवळ एक गाव आहे. डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांनी १७४१ साली तिथे ठाणे वसवले आणि एका व्यापाऱ्याच्या नावावरून त्याला ‘याकोब्सहाव्न’, म्हणजे याकोबचे बंदर, असे नाव दिले. जगाच्या नकाशावर तेच नाव छापले जात राहिले. तिथल्या इन्युइट लोकांच्या भाषेत मात्र त्या गावाला म्हणतात ‘इलुलिसात’. त्याचा अर्थ ‘हिमनग’, अनेकवचनी. दारात उभे राहिले की जे दिसते तेच गावाचे नाव. १९७९ साली ग्रीनलंडला गृहशासन मिळाले, २००९ साली अधिक व्यापक स्वशासन मिळाले आणि तिथल्या लोकांची भाषा देशाची अधिकृत भाषा झाली. आज नकाशावर इलुलिसात हेच नाव छापलेले असते. २००४ साली तिथल्या हिमखाडीला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तोही इलुलिसातच्याच नावाने.

डच खलाशाला डोंगर दिसला, कुकच्या जहाजावरच्यांना बेट दिसले, आणि इलुलिसातच्या माणसाला दाराबाहेर रोज दिसणारा शेजारी दिसला. वस्तू एकच. शब्द उघडला की नाव देणारा माणूस कुठे उभा होता तेही कळते. व्याख्या पाठ करून एवढे कळत नाही.

आता पुन्हा त्या ‘टोका’कडे वळू. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री टायटॅनिक जहाज उत्तर अटलांटिक महासागरात ज्या हिमनगाला धडकले, तो बहुधा ग्रीनलंडच्या याच पश्चिम किनाऱ्यावरून निघालेला होता. तीन तासांच्या आत जहाज बुडाले आणि सुमारे पंधराशे माणसे गेली. पहिल्या वर्गातले निम्म्याहून अधिक प्रवासी वाचले. तिसऱ्या वर्गातला साधारण चौथा हिस्साच वाचला. सिनेमात प्रेमकथा लक्षात राहते, हा हिशेब राहत नाही. त्या दुर्घटनेनंतर १९१४ साली उत्तर अटलांटिकमधल्या हिमनगांवर नजर ठेवणारी आंतरराष्ट्रीय गस्त सुरू झाली.

हिमनग एवढा घातक का, तर तो दिसतो थोडा आणि असतो फार. हे घरच्या घरी पाहता येते, आणि आमच्या माता-भगिनींनी मुलांना जरूर दाखवावे. लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवले की साधारण समुद्राइतके खारे पाणी होते. ते काचेच्या पेल्यात घ्या आणि त्यात बर्फाचा तुकडा सोडा. तुकड्याचा जवळजवळ दहावा हिस्सा पाण्यावर दिसेल, नऊ हिस्से पाण्याखाली राहतील. घनमीटरभर बर्फाचे वजन सुमारे ९१७ किलो, तर तेवढ्याच समुद्राच्या पाण्याचे सुमारे १,०२५ किलो. या दोन आकड्यांच्या तफावतीवर सगळा हिमनग तरंगत असतो. आमच्या वडिलांना हे आकडे ठाऊक नव्हते. पण हौदात टाकलेली लादी किती वर राहते आणि किती बुडते, हे ते हाताने अचूक दाखवीत. ज्ञान त्यांच्याजवळ होते. त्याचे पुस्तकातले नाव तेवढे त्यांच्यापासून दूर ठेवले गेले.

दुसरा प्रयोग साध्या पाण्याचा. पेला बर्फाच्या तुकड्यासह काठोकाठ भरा आणि तुकडा वितळू द्या. पाणी सांडणार नाही. आता त्याच भरलेल्या पेल्यात बाहेरून नवा तुकडा सोडा. पाणी लगेच सांडेल. जमिनीवरचा बर्फ समुद्रात उतरला की समुद्राची पातळी वाढते ती अशी. ग्रीनलंडची नदी व्याली, तर तिचा हिशेब मुंबईच्या आणि कोकणच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसापर्यंत पोचतो. शब्द दूरचा आहे म्हणून वस्तूही दूरची आहे असे समजण्याचे कारण नाही.

राहता राहिला न जाणाऱ्याचा पेच. त्याचे उत्तर दक्षिण ध्रुवाकडच्या एका हिमनगाने फार सुंदर दिले आहे. शास्त्रज्ञ मोठ्या हिमनगांना माणसांची नावे देत नाहीत. कोणत्या बाजूला सुटला त्याचे अक्षर आणि त्याचा क्रमांक, एवढेच नाव. ‘ए-२३-ए’ हा असाच एक. १९८६ साली तो अंटार्क्टिकाच्या फिल्चनर हिमतटापासून सुटलेल्या बर्फाचा भाग. त्याचे क्षेत्रफळ सुमारे चार हजार चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईसारखी सहा शहरे मावून जागा उरेल एवढे. सोव्हिएत संघाचे एक संशोधन ठाणे त्या बर्फावर होते, तेही त्याच्याबरोबर सुटले. पण सुटून हा पठ्ठ्या गेला कुठे? कुठेच नाही. त्याचा तळ समुद्राच्या तळाला टेकला आणि तीस वर्षांहून अधिक काळ तो जागचा हलला नाही. खरा नग झाला. मग २०२० च्या सुमारास तो हलू लागला. २०२३ च्या अखेरीस वेडेल समुद्रातून बाहेर पडला. २०२४ मध्ये समुद्राच्या एका भोवऱ्यात सापडून कित्येक महिने एकाच जागी गरगरत राहिला. मार्च २०२५ मध्ये साउथ जॉर्जिया बेटाजवळ पुन्हा टेकला, आणि त्याच वर्षी त्याचे मोठमोठे तुकडे पडत गेले.

पुतणीने हे ऐकले आणि वहीतल्या यादीत शेवटी एक शब्द जोडून घेतला: ‘जग’. या शब्दाच्या मुळाशीही तेच जाणे आहे. जगत् म्हणजे जे सतत हलते, चालते ते. नग म्हणजे न जाणारा आणि जग म्हणजे जाणारे. पण नग हाही जगातच असतो, म्हणून उशिरा का होईना त्यालाही निघावे लागते. तेव्हा ‘हिमनग’ हा शब्द बदलायला हवा असे आम्हाला वाटत नाही. त्यातला ‘न’ कुठून आला आणि तो केव्हापर्यंत खरा, एवढे मुलांना सांगितले म्हणजे झाले.

आमची वाचकांना एवढीच विनंती आहे. घरातले मूल पुस्तकातला एखादा अवघड शब्द घेऊन आले आणि ‘म्हणजे काय?’ म्हणाले, तर त्याला ‘पाठ कर’ म्हणू नका. शब्दकोश घ्या. घरात नसेल तर वाचनालयात जा. घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही आवर्जून विचारा, कारण अर्धा शब्द बहुधा त्याच्या बोलीत जिवंत असतो. शब्दाची फोड कोणी करावी आणि कोणी करू नये, असा कोणाचा हुकूम नाही. आणि कोणी तसा हुकूम केलाच, तर मुलाने तो प्रश्न दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावा.